घरेलू कठिनाई

टाउनशिपमधल्या कुठल्याही कागदावर 'गोपनीय' असा लाल शिक्का बसला, की त्यातला मजकूर दुसऱ्या दिवशी भाजीच्या ठेल्यावर पोहोचतो. भोपाळात बरखेड्याच्या क्वार्टरांत राहणाऱ्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त श्रीकांतराव हळब्यांना. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. लोखंडातली केसाएवढी चीर त्यांच्या नजरेतून सुटत नसे, पण आपल्या स्वतःच्या बातमीला केवढं भगदाड पडलंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

बातमी बढतीची होती, आणि बढतीबरोबर हरिद्वारच्या कारखान्यात बदलीची. लिफाफा मंगळवारी हातात पडला. श्रीकांतरावांनी तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला आणि घरी येऊन नेहमीसारखा चहा घेतला. बुधवारी सकाळी शेजारच्या प्रतिभाताई विरजण मागायला आल्या आणि जाताजाता इंदुमतीला म्हणाल्या, "कढीपत्त्याचं झाड तुम्ही काही उपटून नेणार नाही ना? मग ते माझ्या नावावर ठेवा." गुरुवारी एक अनोळखी जोडपं फाटकाशी उभं राहून क्वार्टरचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघत होतं. शनिवारी तर एक गृहस्थ टेपच घेऊन आले. खिडक्यांची मापं घेतो म्हणाले, पडदे शिवायला टाकायचेत. इंदुमतीनं त्यांना चहा दिला आणि टेपचं दुसरं टोकही धरलं.

टाउनशिपची ही रीतच होती. कुणाची बदली झाली की त्याच्या क्वार्टरवर, कुंड्यांवर, झोपाळ्यावर आधी नावं लागायची, मग त्याचा निरोपसमारंभ व्हायचा. इंदुमतीच्या घरातलं अर्धं सामान असंच आलेलं होतं. फार काय, जिच्यावाचून तिचं पान हलत नसे ती दुर्बीणसुद्धा समोरच्या नरहर काकांची. ते बदली होऊन त्रिचीला गेले तेव्हा त्यांनी ती तिच्या गळ्यात घातली होती. त्या दुर्बिणीनंच तिला पाखरांचं वेड लावलं. शाळेत शिकवायला जाण्याआधी आणि आल्यावर ती मागच्या अंगणात उभी राही, आणि रविवारी तलावावर. दिसलेल्या पक्ष्यांची तिची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची.

म्हणजे इंदुमतीला बदलीचं सगळं माहीत होतं. उत्तर सोमवारी द्यायचंय, हेही माहीत होतं. तरी बारा दिवस तिनं तोंडातून ब्र काढला नाही, कारण तिला एकच गोष्ट बघायची होती. हा माणूस या खेपेला आपल्याला विचारतो, की सांगतो?

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षं श्रीकांतराव सांगत आले होते. लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगलीत त्यांनी सांगितलं, "भोपाळला क्वार्टर मिळालंय, रविवारी निघायचंय." मग स्कूटर बुक केल्याचं सांगितलं, तिचा हिरवा रंगही सांगितला. मुलाला नागपूरच्या कॉलेजात घातल्याचं फी भरून आल्यावर सांगितलं. माणूस वाईट नव्हता. तिचं डोकं दुखलं तर पोळ्या लाटायचा, कशाही आकाराच्या लाटायचा, पण लाटायचा. फक्त विचारणं हा प्रकारच त्याच्या स्वभावात नव्हता. आणि इंदुमतीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की विचारलं तर आनंदानं हो म्हणायचं. नुसतं सांगितलं तर त्यांनी खुशाल हरिद्वारला जावं, आपण इथेच तुलसी नगरला खोली घ्यायची, शाळा करायची आणि रविवारी तलावावर जायचं. हे ठरवताना तिला रडू आलं होतं. पण ठरवलं होतं खरं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी श्रीकांतराव म्हणाले, "उद्या सकाळी निघायचंय. दोन दिवस. धरणावर पक्षी बघायला."

"कुठल्या धरणावर?"

"विदिशा रोडनं पुढं. खोली बुक केलीय."

सांगितलंच, इंदुमती मनात म्हणाली, आणि स्वेटर काढायला गेली. पण एवढ्या वर्षांत नवरा आपण होऊन पक्षी बघायला नेतोय म्हटल्यावर तिचा पाय जमिनीवर ठरेना, हेही खरंच.

चौऱ्याण्णव सालचा डिसेंबर होता. हिरव्या स्कूटरवरून चाळीस किलोमीटर जाईपर्यंत श्रीकांतरावांचं नाक लाल झालं आणि इंदुमतीचे गुडघे आखडले. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं होती. पाणी दिसायला लागलं तशी तिनं मागूनच त्यांच्या खांद्यावर थाप मारली, "थांबा, थांबा!" तारेवर खंड्या बसला होता.

"हा तर आपल्या नाल्यावरही असतो," श्रीकांतराव म्हणाले.

"असू दे. इथला वेगळा."

धरणाच्या काठी चार खोल्यांचं एक विश्रामगृह होतं आणि त्याला लागून पत्र्याच्या छपराची लांबट जागा, जिच्यावर पाटी होती, 'सारस रेस्टॉरंट एवं बार'. पाटीवरचा सारस रंगवणाऱ्यानं बहुधा कोंबडा बघून काढला होता. श्रीकांतरावांनी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि दोघं लगेच पाण्याकडे निघाली.

तो दिवस इंदुमतीला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिला. काठाशी शेकाटे आपल्या लाल काटक्यांसारख्या पायांवर तोल सांभाळत चालत होते. टिबुकल्या बुडी मारत होत्या आणि भलत्याच ठिकाणी वर येत होत्या. चांदवे तर शेकड्यांनी होते. श्रीकांतराव दुर्बीण घेऊन एकेकाची तपासणी करायचे आणि कारखान्यातल्या आवाजात निकाल द्यायचे. "हा पास. हा पास. ह्याची चोच बघ, पुढून चपटी. रिजेक्ट."

"अहो, तो थापट्या आहे. त्याची चोच तशीच असते. त्यानंच तो चिखल गाळून खातो."

"डिझाइनच तसं असेल तर पास," श्रीकांतराव उदारपणे म्हणाले.

ती हसत सुटली. मग तिला एकदम वाईट वाटलं, कारण हा माणूस इतका मजेत क्वचितच असायचा, आणि आज तो मजेत असण्याचा आटोकाट प्रयत्न करत होता. मधूनच घसा खाकरायचा, पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावायचा. दुपारी पाण्यातल्या एका उंचवट्यावर नारिंगी रंगाच्या बदकांची जोडी उतरली.

"चक्रवाक!" इंदुमती कुजबुजली.

"कुठून येतात ही?"

"लडाख, तिबेट. थंडीत खाली येतात आणि मार्चमध्ये परत जातात."

श्रीकांतरावांनी घसा खाकरला. "म्हणजे बघ हं. एवढंसं पाखरू. दर वर्षी जागा बदलतं. कुरकुर नाही, काही नाही. नवी जागा, नवं पाणी. मजेत राहतं की नाही?"

आलं, इंदुमतीच्या मनात आलं. तिनं दुर्बीण खाली घेतली नाही. "त्यांना क्वार्टर रिकामं करून किल्ली जमा करावी लागत नाही ना," ती म्हणाली, "म्हणून मजेत राहतात."

श्रीकांतराव गडबडले. "नाही, मी आपलं सहज म्हटलं." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी एकही पक्षी पास केला नाही.

तिनं वही उघडून चक्रवाकाची नोंद केली. नोंद करताना तिनं मुद्दामच शेवटचं पान उलटलं नाही. तिथं काय आहे ते आठ दिवसांपूर्वीच तिनं पाहिलं होतं. श्रीकांतरावांनी पेन चालतं का बघायला म्हणून ते पान घेतलं असावं. त्यावर त्यांच्या तीन सह्या होत्या, एकाखाली एक, आणि प्रत्येक सहीखाली नवा हुद्दा. तिसऱ्या सहीखालचा तर चांगला वळण देऊन लिहिलेला. ते पान बघितलं तेव्हा इंदुमतीला भारी माया आली होती. ही बढती त्यांना किती हवी होती, ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! त्यांच्या मागून लागलेले लोक पुढे गेले, तेव्हा 'बरं झालं, जबाबदारी टळली,' असं म्हणत याच माणसानं रात्रीचं जेवण अर्धं टाकलं होतं.

दिवे लागले तशी थंडी वाढली. बारमध्ये जाऊन जेवायचं या कल्पनेनंच इंदुमतीला आधी कसंसं झालं होतं. पण आत शेगडी पेटलेली होती, टेबलांवर मेणकापड होतं आणि तळलेल्या माशाचा वास असा सुटला होता, की ती निमूट खुर्ची ओढून बसली. त्या दोघांखेरीज कोणी गिऱ्हाईक नव्हतं. हमीदभाई नावाचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ तिथले आचारी, वेटर आणि व्यवस्थापक सगळंच होते.

"एक बीयर," श्रीकांतराव म्हणाले. "आणि बाईसाहेबांना लिंबूसरबत."

"दोन बीयर," इंदुमती म्हणाली.

श्रीकांतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती टेबलावर चढून उभी राहिलीय. "तू?"

"मला काय घ्यायचंय ते मला विचारा तरी आधी."

बीयर कडू लागली. तिला अजिबात आवडली नाही, पण आता माघार घ्यायची नव्हती, म्हणून ती काढ्यासारखी एकेक घोट घेत राहिली. मासा मात्र फक्कड होता. हमीदभाईंनी दुसरी बशी आणून ठेवली तेव्हा श्रीकांतराव म्हणाले, "ये तो हमने नहीं मंगाया."

"ये हमारी तरफ से, हळबे साब," हमीदभाई खुशीत म्हणाले. "मुबारक हो! रजिस्टर में नाम देखा तो हम समझ गए, ख़ां, ये वोई इंस्पेक्शन वाले साब हैं. हमारे दामाद आपकी फैक्टरी के कैंटीन में हैं. बता रिये थे कि आपका प्रमोशन हो रिया है, हरिद्वार जा रिये हैं." मग टेबलावरच्या बीयरकडे हात करून म्हणाले, "जी भर के खा-पी लीजिए. वहाँ गंगाजी के किनारे न ये मिलेगी, न मछली."

एवढं बोलून ते शेगडीकडे निघूनही गेले. श्रीकांतरावांचा हात ग्लासासकट हवेत राहिला होता. त्यांनी इंदुमतीकडे बघितलं. इंदुमती माशातला काटा काढत होती.

"इंदू, हे म्हणजे... मी तुला सांगणारच होतो."

"माहीत आहे मला. मंगळवारी लिफाफा आला. बुधवारी कढीपत्त्याला नाव लागलं."

"पण ते गोपनीय होतं!"

"खिडक्यांची मापं घेऊन गेले अहो लोक. मी टेप धरलीय."

श्रीकांतरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी काहीतरी ठरवल्यासारखं केलं, स्वेटरच्या आत हात घातला आणि चार घड्या घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. "मग आता उरलेलंही सांगतो. मी जात नाहीये. बढती नाकारतोय. हे बघ, पत्र लिहिलंय, सोमवारी द्यायचं. तुझी शाळा, तुझे पक्षी, तुझा तलाव. तू नाही राहू शकणार तिकडे." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "तुला इथं आणून, पक्षी दाखवत सांगायचं होतं. तुला आनंद होईल म्हणून."

इंदुमतीनं कागद उलगडला. राजभाषेत, सुवाच्य अक्षरात, श्रीकांतरावांनी लिहिलं होतं: 'महोदय, घरेलू कठिनाइयों के कारण मैं उपर्युक्त पदोन्नति स्वीकार करने में असमर्थ हूँ.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"घरेलू कठिनाई म्हणजे मी?"

"अगं, तशी लिहायची पद्धत आहे..."

"बारा दिवस मी वाट बघतेय. म्हटलं, हा माणूस एक तर सांगेल नाहीतर विचारेल. तुम्ही तर तिसरंच केलंत! माझ्यासाठी एवढा मोठा त्याग केलात आणि तोसुद्धा मला न विचारता. म्हणजे जन्मभर ती बढती तुमच्या डोळ्यांत दिसणार आणि मी तिला कारण होणार. मी म्हटलं होतं मला राहायचंय म्हणून? एकदा तरी विचारलंत?"

तिचे डोळे भरून आले. बीयरमुळे की कशामुळे, ते तिलाही सांगता आलं नसतं. श्रीकांतराव इतके गोंधळले की त्यांनी आपला रुमाल द्यायच्या ऐवजी टेबल पुसायचं फडकं पुढं केलं. तिनं तेही घेतलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग जायचं ना आपण?"

"हा प्रश्न नव्हे. ही पावती मागताय तुम्ही."

"तुला चालेल असं धरून..."

"धरू नका."

श्रीकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ज्या माणसानं टर्बाइनच्या पात्यांना हजारो प्रश्न विचारले असतील त्याला एवढ्या साध्या वाक्यासाठी इतके कष्ट पडावेत, हे बघून इंदुमतीला रागातही हसू येऊ लागलं. अखेर ते पुढे वाकले आणि शेगडीकडे एकवार बघून हलक्या आवाजात म्हणाले, "इंदू, तुला काय वाटतं? तुला जायचंय का? नको म्हणालीस तर नको. जाऊ या म्हणालीस तर जाऊ. मला खरंच माहीत नाही तुझ्या मनात काय आहे. माहीत असायला हवं होतं."

बारा दिवस तिचं 'हो' तयार होतं. विचारलं की पटकन द्यायचं, असं ठरलेलं होतं. आणि आता खरोखर विचारल्यावर ते तिच्या ओठांवर येईना. तलाव डोळ्यांपुढे आला, शाळेतला तिचा वर्ग आला, अंगणातला कढीपत्ता आला. इतकी वर्षं तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. ते किती जड असतं, हे तिला आज कळत होतं. एकट्यानं सगळं ठरवताना नवऱ्यालाही ते जड गेलं असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"सकाळी सांगते," ती म्हणाली.

"सांग," श्रीकांतराव म्हणाले. आणि मग घाबरतच, "भात मागवू? की पोळी? तुला काय हवंय?"

"भात," इंदुमती म्हणाली, आणि उरलेली बीयर तिनं त्यांच्या ग्लासात ओतून टाकली.

सकाळी कारखान्याचा भोंगा नसल्यामुळे दोघांनाही उशिरा जाग आली. बाहेर धुकं होतं. शेताच्या बांधावरून दोघं निघाली, पुढं इंदुमती, मागं श्रीकांतराव. ते आज काही पास करत नव्हते. ती थांबली की थांबायचे. दुर्बीण त्यांच्याच गळ्यात होती, पण तिनं हात पुढे केला की काढून द्यायचे आणि तिचं बघून होईपर्यंत उभे राहायचे.

धुकं विरळ झालं तेव्हा हरभऱ्याच्या रानात सारसांची जोडी दिसली. माणसाएवढे उंच, राखाडी, लाल माथ्याचे. नरानं मान वर करून एक हाक दिली, त्यावर मादीनं दोन दिल्या, आणि सगळं रान दणाणलं. श्रीकांतराव आ वासून बघत राहिले. त्या पाटीवरच्या कोंबड्याशी याचा काही संबंध असेल असं त्यांना वाटेना.

बऱ्याच वेळानं जोडी उडून पलीकडे गेली. इंदुमतीनं वही काढली, सारसांची नोंद केली. मग तिनं वहीचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. आपल्या तीन सह्या बघून श्रीकांतरावांचे कान लाल झाले.

"जाऊ या," ती म्हणाली. "मला ही सही खरी झालेली बघायचीय. आणि गंगेवर कुठले पक्षी असतात तेही बघायचंय. पण आत्ता नाही. मार्च संपल्यावर. माझा वर्ग परीक्षेपर्यंत मी सोडणार नाही, आणि ही थंडीतली पाखरं परत जायच्या आधीही मी हलणार नाही. ती गेली की आपण."

श्रीकांतरावांचा चेहरा असा उजळला की तिला दुसरीकडे बघावं लागलं. "एप्रिल म्हणजे मुदत मागावी लागेल," ते म्हणाले. "अर्ज करायला हवा. कारण विचारतील. काय लिहू?"

इंदुमतीनं विचार केला. "लिहा," ती म्हणाली, "घरेलू कठिनाइयों के कारण."

श्रीकांतराव तिथेच बांधावर बसले. मांडीवर वही ठेवून त्यांनी अर्जाचा मसुदा लिहिला, शेवटी सहीसाठी जागा सोडली आणि सही करण्याआधी, लग्नानंतर पहिल्यांदाच, वही तिच्याकडे दिली. "बघ गं, बरोबर आहे का?"

तिनं मसुदा अथपासून इतिपर्यंत सावकाश वाचला, दुर्बीण लावून बघावा तसा निरखून. मग वही त्यांना परत केली.

"पास," ती म्हणाली.